ऑक्टोबरात तिकडे धुकं असतं

ऋतुजाचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात मटार घेत होते. जानेवारीतला शनिवार, सकाळचे साडेनऊ. "नलूमावशी, आई गेली," एवढंच म्हणाली ती, आणि मागून कोणीतरी पाणी मागत होतं ते ऐकू आलं. भाजीवाला विचारत होता, "ताई, किलो देऊ की अर्धा?" मी म्हटलं, "अर्धा." पिशवी घेतली, घरी आले, मटार फ्रीजमध्ये ठेवले, साडी बदलली आणि रिक्षा करून नाहूरला गेले. सगळं अगदी शहाण्यासारखं केलं. रिक्षात मात्र रडू फुटलं. ते दुःखाचं होतं असं मी म्हणणार नाही. सहा आठवडे होऊन गेलेत, आता कुठे लिहायला बसलेय, तर पहिल्याच परिच्छेदात खोटं नको. मला माझा राग आला होता. इतका, की रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि रेडिओ बंद केला.

संघमित्रा इंगळे ही माझी मैत्रीण. देवनारच्या महापालिकेच्या शाळेत आम्ही सत्तावीस वर्षं एकत्र शिकवलं; मी मराठी, ती भूगोल. शाळेत सगळे तिला इंगळे बाई म्हणत, मी मित्रा म्हणायचे, आणि ती मला नले. नलिनी हे माझं नाव तिने कधी पूर्ण उच्चारलं असेल तर फक्त रागावल्यावर. ती शाळेत रुजू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. कचरा डेपोकडून वारा आला की आम्ही सगळ्या शिक्षिका खिडक्या धडाधड लावून घ्यायचो. ही बाई वर्गात गेली आणि मुलांना म्हणाली, उघडा सगळ्या. पोरांनी नाकं दाबली. "नाक दाबू नका, नाकाने सांगा. आज वारा कुठला?" चार दिवसांत सगळी सातवी वास आला की ओरडायला लागली, "बाई, पूर्वेचा!" मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, हा काय प्रकार आहे? ती म्हणाली, "सर, होकायंत्र मागितलं तर तुम्ही देणार नाही. हे फुकट आहे." मी स्टाफरूममध्ये इतकी हसले की चहा साडीवर सांडला. तेव्हापासून आमची जोडी जमली.

तिचे वडील बुलढाण्याकडचे, मुंबईत गोदीत हमाली केली. मुलगी झाली तेव्हा त्यांनी नाव शोधून ठेवलं. बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार श्रीलंकेला गेलेल्या राजकन्येचं नाव. "बघ ना, माझ्या नावाची बाई दोन हजार वर्षांपूर्वी होडीतून तिकडे पोचली. मी अजून नाहूरलाच," हे तिचं ठरलेलं वाक्य. जगातला कुठलाही नकाशा ती फळ्यावर न बघता काढायची, आणि स्वतः फार तर महाबळेश्वरपर्यंत गेलेली. नवऱ्याची, प्रकाशरावांची, पवईच्या कारखान्यातली पाळीची नोकरी, सासूचं आजारपण, ऋतुजाचं शिक्षण... जायचं राहत गेलं. त्यात तिची तक्रार अशी नसायची. "रिटायर झाले की सुटले," म्हणायची, आणि तसंच ठरवून ठेवलं होतं तिने.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघी निवृत्त झालो आणि तिने चौकटीच्या पानांची वही आणली. श्रीलंका, नऊ दिवस, आणि त्यातही मुख्य काय तर आगगाडी. देवळं, समुद्र, हत्ती, हे सगळं तिच्या लेखी मधल्या सुट्टीसारखं. कोलंबोहून कँडी, कँडीहून डोंगर चढत नानू ओया, तिथून पट्टीपोला, ओहिया, हपुतळे, एल्ला आणि शेवटी बदुल्ला. मला ती नावं पाठ करायला लावली तिने. मी म्हणायचे, अगं, तिकडे गेल्यावर पाटीवर वाचीनच की. "पाटी येईपर्यंत स्टेशन जातं, नले." वहीत तिने त्या मार्गाचा उंचीचा आलेख काढला होता, एका चौकटीला पन्नास मीटर. समुद्राच्या काठावरून निघालेली रेघ पट्टीपोलाला जवळजवळ एकोणीसशे मीटरवर जायची आणि मग बदुल्लाकडे उतरायची. चहाचे मळे हिरव्या पेन्सिलीने, बोगदे काळ्या. देमोदरा म्हणून एक स्टेशन आहे. तिथे गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच स्टेशनाखालच्या बोगद्यातून जाते. हे तिने मला जेवायच्या ताटावर पोळीची सुरळी करून समजावलं होतं. प्रकाशराव म्हणाले, "खा आता ती गाडी." तिने खाल्ली.

वातानुकूलित डबा तिला नको होता, कारण त्याच्या काचा उघडत नाहीत. दारात लटकून फोटो काढणाऱ्यांना ती शिव्या घालायची. आमच्यासाठी दुसऱ्या वर्गाची, उघडणाऱ्या खिडकीची, आरक्षित जागा. ते आरक्षण महिनाभर आधी सुटतं, म्हणून त्या दिवसाला वहीत लाल गोल. मोठा वाद होता तो बाजूचा. इंटरनेटवर एकजण म्हणे उजवीकडे बसा, दुसरा म्हणे डावीकडे, तिसरा म्हणे नानू ओयाला बाजू बदला. मित्राने त्या सगळ्यांना बाजूला सारलं, समोच्च रेषांचा नकाशा मिळवला, आणि दरी कुठल्या बाजूला पडते ते स्टेशनागणिक लिहून काढलं. दोन रविवार गेले त्यात. इदलगशिन्ना नावाच्या एका लहानशा स्टेशनापुढे तिने लिहिलं होतं, 'दोन्हीकडे'. मला म्हणाली, "तिथे तू एका खिडकीत बस, मी दुसऱ्या. भांडण नको." मी फारशी फिरायची आवड असलेली बाई नाही. मालवणला माहेरी जाऊन आले की माझं पोट भरतं. पण तिच्या त्या वहीने मलाही खूळ लावलं होतं, हे कबूल करते.

मागच्या जुलैच्या शेवटी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ, असं सगळेच म्हणाले. ऑगस्टमध्ये दवाखान्यात ठेवलं, तपासण्या झाल्या, पित्ताच्या नळीत स्टेंट घातला. त्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर प्रकाशराव व्हरांड्यात खांबाला टेकून उभे. मला म्हणाले, "नलूताई, ते आहे. स्वादुपिंडात. पसरलंय." ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं होतं, मी होते तेव्हा मलाही पुन्हा सांगितलं, की सहा महिने, फार तर आठ. स्टेंटमुळे कावीळ उतरेल, भूक लागेल, पुढचे दोन-अडीच महिने बऱ्यापैकी जातील. "त्यांचं काही करायचं राहिलं असेल तर याच दिवसांत करून घ्या," हे डॉक्टरांचे शब्द. मी ते स्वतःच्या कानांनी ऐकले.

"तिला सांगायचं नाही," प्रकाशराव म्हणाले. त्यांच्या आईला असाच आजार होता. कोणा दीडशहाण्याने तोंडावर सांगितलं, म्हातारीने भिंतीकडे तोंड केलं आणि आठव्या दिवशी गेली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं की माणूस आजाराने मरत नाही, ऐकून मरतो. मी मान डोलावली. आपल्याकडे असंच करतात ना? माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही असंच केलं, माझ्या जावेच्या वेळी असंच केलं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक, कामवालीला ठाऊक, आणि ज्याच्या पोटात आहे त्याला तेवढं ठाऊक नाही. याला आपण माया म्हणतो. मीही म्हणत आले.

घरी आल्यावर केमोच्या गोळ्या सुरू झाल्या. ऋतुजा त्या पाकिटातून काढून व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरायची, आणि आईला सांगायची, लिव्हरच्या आहेत. एरवी मित्रा औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचणारी, पण मुलगी देतेय म्हणून तिने बाटली उलटूनही बघितली नाही. फाईल प्रकाशरावांनी कपाटात, त्यांच्या कपड्यांखाली ठेवली. आम्ही तिघं त्या बाबतीत फार तरबेज झालो. एकमेकांकडे न बघता खोटं बोलायला जमायला लागलं.

आणि खरंच, सप्टेंबरात ती छान झाली. डोळे निवळले. मला फोन करून म्हणाली, "नले, भूक लागली! मासे घेऊन ये तुझ्या हातचे." बांगड्याचं तिखलं घेऊन गेले तर दोनदा भात घेतला तिने. त्याच महिन्यातला एक रविवार. जेवणं झाल्यावर तिने वही काढली. प्रकाशराव पलंगावर, ऋतुजा आईच्या पायाशी, मी खिडकीजवळच्या खुर्चीत. ऋतुजाने आधीच ठरवलं होतं बहुतेक. एकदम म्हणाली, "आई, तू आणि मावशी ऑक्टोबरमध्येच जाऊन या ना. आता बरी आहेस तू. मी तिकिटं काढते."

मित्रा हसली. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या लाडक्या पोराकडे बघून हसावं तशी. "ऑक्टोबरात? ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे तिकडे दोन पावसांच्या मधला काळ. दुपारी रोज ढग. डोंगरात तर हातभर अंतरावरचं दिसत नाही. दोन वर्षं मी नकाशे काय धुकं बघायला काढले? जायचं ते फेब्रुवारीत. आकाश कसं झकास असतं!" ऋतुजा म्हणाली, "पण आई..." आणि थांबली. पुढे काय बोलणार होती ती? मग तिने माझ्याकडे बघितलं. प्रकाशरावांनीही बघितलं. मित्रा माझं ऐकायची. मी नुसतं म्हटलं असतं, "चल गं, मला ऑक्टोबरच सोयीचा आहे, सुनेचं बाळंतपण आहे पुढे," काहीही थाप मारली असती, तर कुरकुर करून तयार झाली असती. तेवढी एक थाप खरी उपयोगाची होती.

मी म्हटलं, "तिचं बरोबर आहे. फेब्रुवारीच."

का म्हटलं? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की तिला संशय येऊ नये म्हणून. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की मी घाबरले. परक्या देशात, डोंगरातल्या कुठल्या तरी स्टेशनावर, हिचं पोट दुखायला लागलं, ताप चढला, काही झालं, तर मी एकटी काय करणार? भाषा येत नाही, ओळखीचं कुत्रं नाही. नको ती जबाबदारी. माझ्या मनात त्या क्षणी हे आलं, आणि तोंडातून "फेब्रुवारी" निघालं. फेब्रुवारी येणार नाही हे मला माहीत होतं. मित्राने वहीवर पेन आपटलं आणि म्हणाली, "बघा, नलीला कळतं. तुम्हाला भूगोल कोणी शिकवला?" तिने फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यावर खूण केली. ऋतुजा उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मग ऑक्टोबर आला आणि गेला. ती रोज संध्याकाळी इमारतीचे तीन मजले चढून-उतरून यायची, एल्लाच्या टेकडीसाठी सराव म्हणून. तळहाताची सालं निघायला लागली, ती गोळ्यांमुळे. तिला वाटलं भांड्याचा साबण बदलला म्हणून. खोबरेल लावून बसायची आणि बोटं वर धरून मला स्टेशनं विचारायची. वजन उतरत होतं. "चांगलंच आहे गं, चढ चढायला बरं," म्हणाली. विमानाची तिकिटं काढली. मला कॅनव्हासचे बूट घ्यायला लावले, आणि मी घेतले! दुकानात बसून, पाय पुढे करून, माप बघून घेतले. आरशात बघितलं तेव्हा मला माझीच किळस आली, पण दुकानदाराला म्हटलं, "हेच द्या."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने प्रवासविम्याचा अर्ज भरायला घेतला. त्यात एक रकाना होता, आधीचे आजार आणि त्यावरचे उपचार. मला फोन आला. "नले, मला झालं होतं त्याचं नेमकं नाव काय गं? यांना विचारलं तर म्हणतात राहू दे." मी म्हटलं, "कावीळ लिही आणि सोडून दे." "नुसतं कावीळ कसं लिहू? स्टेंट घातलाय. कुठल्या कारणाने कावीळ, ते लिहायला लागेल ना. खोटं कसं लिहिणार, अर्ज आहे तो." मी म्हटलं, "अगं, कोण बघतंय?" ती म्हणाली, "मी बघतेय ना." आणि फोन ठेवला. तेव्हाच मी नाहूरला धावायला हवं होतं. मी प्रकाशरावांना फोन लावला, ते बँकेत होते. परत लावला नाही. देवासमोर दिवा लावला आणि बसून राहिले. काय उपयोग?

संध्याकाळी ऋतुजाने बोलावलं. दार तिनेच उघडलं, डोळे सुजलेले. मित्रा टेबलाशी बसली होती, चष्मा लावून, समोर कपाटातली ती फाईल. प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावून ठेवला होता तिने. प्रकाशराव आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत.

"बस," म्हणाली. मी बसले.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"ऑगस्टपासून."

"म्हणजे तो सप्टेंबरातला रविवार..."

"हो."

"तू त्या खुर्चीत होतीस. मी म्हटलं फेब्रुवारी, आणि तू म्हणालीस, बरोबर आहे."

"हो, मित्रा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "नलिनी, आपण नापास पोरांच्यासुद्धा हातात निकाल देत होतो गं. पोरगं रडेल म्हणून कोणाचं प्रगतिपुस्तक लपवलंय कधी?" मी म्हटलं, मला वाटलं तू खचशील. "खचले असते. चार दिवस खचले असते. रडले असते, यांच्या अंगावर ओरडले असते. मग गाडीत बसले असते." मी काहीतरी पुटपुटले, धुकं असतं म्हणून तूच तर... "धुकं असलं तरी गाडी जाते गं!" तेवढं एकच वाक्य मोठ्याने. मग हळू आवाजात, "धुक्यात दरी दिसली नसती. स्टेशनांच्या पाट्या तर दिसल्या असत्या. मळ्यांचा वास आला असता. खिडकी उघडीच होती ना आपली..."

पुढचे आठ दिवस तिने माझा फोन घेतला नाही. नवव्या दिवशी ऋतुजा म्हणाली, ये. पोटात पाणी भरायला लागलं होतं, पाय सुजलेले. आदल्या दिवशी ती स्वतः डॉक्टरांपुढे बसली होती आणि सरळ विचारलं होतं, आता गेले तर? डॉक्टरांनी नाही म्हटलं. विमानात बसवणार नाहीत आणि बसवलं तरी परत येणार नाही तुम्ही. "मग ठीक," म्हणाली म्हणे, आणि त्यांचे आभार मानले, की निदान तुम्ही तरी बोललात. मला बघून तिने उशीखालून मोबाइल काढला. "तिकिटं रद्द कर. तू कर. फेब्रुवारी तू ठरवलास ना." हे तिने चिडून म्हटलं नाही, काम वाटून द्यावं तसं म्हटलं. मी तिच्यासमोर बसून रद्द केली, आधी तिचं, मग माझं. 'नक्की रद्द करायचं का' असं विचारतं ते मशीन. दोनदा विचारतं. दोन्ही वेळेला ती माझ्या बोटाकडे बघत होती. झाल्यावर म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, झालं. "चहा घे."

तिने मला माफ केलं का, हे मला अनेकांनी नाही पण माझ्या नवऱ्याने विचारलं. मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्यानंतर मी रोज जात होते. ती माझ्याकडून पाय चेपून घ्यायची, पेपर वाचून घ्यायची, कांजी नको झाली की ताट ढकलायची. श्रीलंकेचा विषय पुन्हा निघाला नाही. एकदा ऋतुजा रडत होती तर तिला म्हणाली, "तुझ्यावर राग नाही. तू म्हणाली होतीस ऑक्टोबर." मी तिथेच होते. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. वेदना वाढल्या, दुखणं दाबणाऱ्या औषधाच्या पट्ट्या अंगाला लावायला लागल्या, झोप-जाग कळेनाशी झाली. शेवटची भेट त्या शनिवारच्या आदल्या दुपारची. "नले, खिडकी उघड." मी उघडली. जरा वेळाने म्हणाली, "लाव. गार लागतंय." मी लावली. मग झोपली ती. घरी जायला उशीर होतोय म्हणून मी निघाले.

भन्तेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं, पांढऱ्या कपड्यांतली तिची शाळेतली जुनी मुलं दारापासून जिन्यापर्यंत उभी होती, टक्कल पडलेली, पोटं सुटलेली, आणि सगळी "बाई, बाई" करून रडत होती. चौथ्या दिवशी प्रकाशरावांनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं कार्ड मला मोबाइलवर पाठवलं, शुद्धलेखन बघा म्हणून. त्यात लिहिलं होतं, 'यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.' शब्द सगळे शुद्ध होते. मी 'अल्पशा आजाराने' काढून 'स्वादुपिंडाच्या कॅन्सरने' केलं आणि परत पाठवलं. त्यांचा फोन आला, "नलूताई, तसं नको. पाहुणे नाना प्रश्न विचारतील, पोरीचं लग्न व्हायचंय." मी म्हटलं, बरं. बघा, परत "बरं" म्हटलं. कार्ड अल्पशाच छापून आलं.

गेल्या रविवारी त्यांनी बोलावलं होतं. बुलढाण्याकडच्या म्हाताऱ्या नातेवाइकांना कार्यक्रमाला येता आलं नव्हतं, त्यांना कार्डं पोस्टाने पाठवायची होती, आणि माझं अक्षर बरं. चाळीसेक कार्डं असतील. मित्राच्या टेबलाशी बसले. एका पाकिटावर पत्ता लिहिला, कार्ड आत घालायला उघडलं, आणि ते दोन शब्द परत दिसले. सहा महिने म्हणजे अल्पसा? मी तिच्या पेनांतलं लाल पेन घेतलं आणि रेघ मारली. प्रकाशराव दारात होते. "काय करताय?" मी म्हटलं, "प्रकाशराव, जिवंत होती तेव्हा आपण तिच्यापासून लपवलं. आता ती मेल्यावर कोणापासून लपवतोय?" ते पलंगावर बसले. मग म्हणाले, "मी सांगितलं असतं तर ती गेली असती ना तिकडे?" मी म्हटलं, "गेली असती." "आणि मी भिंत, भिंत करत बसलो..." इतक्या महिन्यांत हा माणूस रडलेला मी पहिल्यांदा बघितला. नाक पुसून त्यांनी हात पुढे केला. "आणा. मी खोडतो, तुम्ही वर लिहा." पाचव्या-सहाव्या कार्डापाशी त्यांनी मी लिहिलेलं मोठ्याने वाचलं, कॅन्सर. तोवर ते 'ते' म्हणायचे. ऋतुजा चहा घेऊन आली, तिने बघितलं, कप ठेवले आणि पोस्टाची तिकिटं चिकटवायला बसली. दीड-दोन तासांत सगळी झाली. आता बुलढाण्याहून फोन येतात, आणि प्रकाशराव ते स्वतः घेतात.

एक कार्ड मी माझ्यासाठी मागून आणलं. त्यावरही तेच दोन शब्द खोडून आजाराचं नाव लिहिलं, आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ: हे मला ऑगस्टपासून माहीत होतं. ते कार्ड पाठवणार कोणाला? ज्या बाईला ते मिळायला हवं होतं तिचा पत्ता आता नाही. म्हणून हे तुम्हाला लिहिलं.